माकडांचे बाप शोधणारे सर

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या परसातल्या उंबराखाली छत्री उलटी धरून उभे होते. पाऊस नव्हता. पन्नाशी ओलांडलेला, चष्मा लावलेला, चांगला शहाणासुरता माणूस छत्रीची वाटी करून वर बघत होता. मला वाटलं, उंबरं झेलतोय. मी मागच्या दारातूनच ओरडले, "अहो, किडकी असतात ती, खाऊ नका." तर त्यांनी ओठांवर बोट ठेवून मलाच गप्प केलं. माझ्याच परसात! इतक्यात वरून टपकन काहीतरी छत्रीत पडलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. वर बसलेल्या माकडानं शी केली होती. ती त्यांनी काडीनं उचलली, बोटाएवढ्या प्लास्टिकच्या बाटलीत घातली, झाकण लावलं, बाटलीवर पेनानं नंबर लिहिला, तोच नंबर वहीत लिहिला आणि मग मला नमस्कार केला.

"मावशी, राहायला खोली मिळेल का?"

अशा माणसाला कोण खोली देईल? मी दिली. आमचे हे जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. दिवसभर रेडिओशी बोलायची सवय लागली होती मला, आणि रेडिओ काही उलटून बोलत नाही.

सर शिकलेले भरपूर. कुठल्याशा मोठ्या संस्थेत होते, तिथून बाहेर का पडले ते त्यांनी कधी धड सांगितलं नाही. आधी शहापूरच्या बाजूला जंगलात काम करत होते. तिथं मोठा रस्ता झाला, माकडांचा कळप रस्त्याच्या दोन बाजूंना फुटला, आणि हे पिशव्या उचलून एसटीनं मुरबाडला आणि तिथून आमच्याकडे, सिद्धगडच्या पायथ्याला आले. गावानं दोन दिवसांत नाव ठेवलं, माकडसर.

त्यांच्या पँटच्या डाव्या खिशात चिंचोके असायचे. कळपामागं फिरताना अधूनमधून एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात जायचा. बायका विचारायच्या, "सर, काय मोजताव?" सर अगदी सरळ चेहऱ्यानं सांगायचे, "नर मादीवर किती वेळा चढला ते." बायका पदर तोंडात कोंबून पळायच्या आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम परत तेच विचारायच्या. सरांना कळायचंच नाही की आपली गंमत चाललीय. की कळायचं आणि चालवून घ्यायचे, देव जाणे. आमच्यात देव म्हणत नाहीत, तरी तोंडात येतंच.

माकडांना त्यांच्या वहीत नुसते नंबर होते. मला नंबर लक्षात राहीनात, म्हणून मी नावं ठेवली. कळपात सहा नर. त्यातला सगळ्यात धिप्पाड, ज्याला बघून बाकीचे फांदी सोडायचे, त्याला मी सरपंच म्हणायची. ही बातमी खऱ्या सरपंचापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? संध्याकाळी तो दारात हजर.

"मावशे, माकडाला माजा नाव ठेवलास?"

"नाव नाय रे बाबा, हुद्दा ठेवला."

तेवढ्यात सर आतून आले. त्यांना वाटलं, समजूत घालायला पाहिजे. म्हणाले, "साहेब, वाईट वाटून घेऊ नका. फार कर्तबगार आहे तो. आज सकाळपासून अकरा वेळा." आणि खिशातून चिंचोके काढून दाखवले. सरपंचाला हसावं का भांडावं कळेना. चहा पिऊन गेला.

पण एकदा मात्र सर मार खाता खाता वाचले. शेजारच्या हळदीला मी त्यांना घेऊन गेले होते. जेवायला बसले ते नवऱ्या मुलाच्या चुलत्याशेजारी. मुलाकडे बराच वेळ बघितलं, त्याच्या बापाकडे बघितलं आणि चुलत्याला विचारलं, "हा यांचाच मुलगा का? खात्रीनं?" मी हाताला धरून ओढत घरी आणलं. म्हटलं, "सर, असं विचारतात का कुठं?"

"का? मला कोणाचा अपमान नव्हता करायचा. माकडं रागवत नाहीत, मावशी."

त्यांचं एकच पालुपद असायचं. डोळ्यांनी दिसतो तो संसार, मूल कोणाचं ते बाटलीच सांगणार.

तर त्या बाटल्या. मागच्या खोलीत त्यांनी भिंतभर फळ्या ठोकल्या होत्या आणि त्यावर बाटल्यांच्या रांगा लावल्या होत्या. प्रत्येक नराची रांग वेगळी, प्रत्येक मादीची वेगळी, पिल्लांची वेगळी. आत तळाला ओल शोषणारे पांढरे दाणे, नव्या बुटांच्या खोक्यात पुडी असते ना, तसले. पहिल्या पावसाळ्यात बाटल्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या होत्या. डिंकासाठी झुरळांनी त्या खाल्ल्या. तेव्हापासून सर नंबर बाटलीवरच लिहायला लागले.

त्या शीमध्ये म्हणे त्या त्या जनावराच्या आतड्याचे कण येतात, आणि त्या कणांत त्याची जनुकं. जनुक म्हणजे काय, हे त्यांनी मला समजावलं, "आईनं एक चिठ्ठी लिहिली, बापानं एक लिहिली, दोन्ही मिळून आपण." पिल्लाची चिठ्ठी कोणत्या नराशी जुळते ते बघायचं, की बाप सापडला.

ओटीवर बसून तांदूळ निवडताना मी त्यांच्याकडून किती ऐकलं! आपली काळतोंडी वांदरं असतात ना, त्यांच्या कळपात बहुतेक एकच नर. दुसरा आला की दात विचकून त्याला हाकलतो. तिथं जे भांडण व्हायचं ते बाहेर होतं. माकडांचं तसं नाही. कळपात नर पुष्कळ, मादी एकाकडे जाते तशी दुसऱ्याकडेही जाते. मग भांडण आत, तिच्या पोटात. या नराचं बीज आणि त्या नराचं बीज यांची शर्यत. ज्याचं बीज जास्त, ज्याचं वेगानं पळणारं, त्याचं पोर. आणि त्या पोराचं बीजही तसंच. अशा हजारो पिढ्या गेल्या म्हणून माकडाच्या नराचं ते मोठं आणि वांदराचं अंगाच्या मानानं लहान. ते म्हणजे कुठलं हे मला विचारायला लागलं नाही, मी खाली तांदळात बघत राहिले. आणि म्हणे बीज घडवणारी जनुकं जितकी भराभर बदलत गेली, तितकी अंगातली दुसरी जनुकं बदलली नाहीत.

"मग माझा प्रश्न असा आहे," सर म्हणायचे, "एवढ्या शर्यतीतून निवडून आलेल्यांत नापीक नर उरतोच कसा?"

हा प्रश्न त्यांना कानफाटीमुळं पडला होता. कानफाटी म्हणजे कळपातली एक मादी, उजवा कान चिरलेला. तिन्ही वर्षं सरपंच तिच्या मागं. दुसऱ्या कुठल्या नराला तो तिच्या जवळ फिरकू द्यायचा नाही. बाकीच्या माद्यांच्या पोटाला पिल्लं लटकलेली, आणि ही मोकळी. दुसरीचं पिल्लू ओढून घ्यायची, छातीशी धरायची, मग आईनं चापट मारली की परत द्यायची. मला बघवायचं नाही.

एका दुपारी मी बोलून गेले, "दोष असंल बिचारीत."

"असेल," सर म्हणाले. "किंवा त्याच्यात."

"कोणाच्यात?"

"सरपंचाच्यात."

"एवढा धिप्पाड?"

"धिप्पाडपणा अंगात असतो, मावशी. बीज वेगळं."

मी सुपातले तांदूळ तसेच ठेवले. साठी ओलांडली होती मी. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती. इतक्या वर्षांत "किंवा त्याच्यात" हे दोन शब्द माझ्यासमोर कोणी उच्चारले नव्हते.

आता सांगूनच टाकते. आमचं घर बौद्ध. नवससायास आमच्यात चालत नाहीत, सासऱ्यांनी घरातले देवांचे टाक स्वतः नदीत सोडलेले. पण मला चार वर्षं मूल होईना, तेव्हा सासूबाईंनी सासऱ्यांना न सांगता मला म्हसा गावच्या जत्रेला नेलं. घोंगडी घ्यायची म्हणून निघालो आणि नवस बोलून आलो. सलग तीन वर्षं. घरात घोंगड्याच घोंगड्या झाल्या. सासऱ्यांनी एकदा विचारलंदेखील, "यवढी थंडी कोनाला वाजतं रं?" कल्याणच्या डॉक्टरीणबाईनं माझ्या सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाली, पुढच्या वेळी मालकांना घेऊन या. हे वाशिंदला कारखान्यात होते. माणूस सोन्यासारखा. माझ्यावर कधी हात उगारला नाही, उणं बोलले नाहीत, दुसरी करा म्हणून घरच्यांनी धरलं तर आठ दिवस जेवले नाहीत. पण डॉक्टरकडे यायचं म्हटलं की त्या दिवशी त्यांची ड्युटी असायची. सासूबाई म्हणायच्या, "पुरुषाला कसली तपासनी?" आणि बारशाला, डोहाळजेवणाला मला मागं बसवायच्या. त्या गेल्यावर ते काम माझ्या धाकट्या जावेनं चालवलं. ती समोरच्याच घरात राहते.

सरांना मी यातलं काही बोलले नाही. एवढंच विचारलं, "सर, नरात दोष असंल तर तो येतो कुठून? त्याला तर पोरं होत नाहीत. मग दोष पुढं जातो कसा?"

सर उठून उभे राहिले. म्हणाले, "मावशी, मोठमोठे लोक हा प्रश्न विचारायला विसरतात." आणि मग सांगितलं, असा एखादा दोष आईकडून येऊ शकतो. आईला त्याचा काही त्रास नाही, तिला मुलं होतात. तिच्या मुलींना होतात. फक्त मुलात उतरला की तिथं बीज मरतं. असा तो बायकांच्या अंगातून पिढ्यान्‌पिढ्या लपून जातो.

त्या रात्री मला सासूबाई आठवत राहिल्या. सहा लेकरांची माय. असलाच दोष, तर त्यांच्याच पोटातून आलेला. असलाच तर. खरंखोटं करायला आता कोणी उरलं नव्हतं. हे गेले, त्या गेल्या. पण कानफाटी होती, सरपंच होता, आणि बाटल्या होत्या. तिच्यापुरतं तरी कळलं असतं. हसाल तुम्ही, पण मी त्या माकडिणीसाठी जीव टांगणीला लावून बसले होते.

जाऊ म्हणायची, "वांझेच्या घरान वांदराची पोरा मोजतान!" मी म्हणायची, "मोजू दे. कळंल एक दिवस, दोष कोणात असतो ते." ती तोंड वाकडं करून जायची, पण दोन-चार दिवसांनी परत विचारायची, "कळला का गो?"

तिसऱ्या वर्षी भेंडीला माकडं फार झाली. आमच्याकडची भेंडी बाहेर देशात जाते, तिला ओरखडा चालत नाही. ग्रामसभेत ठरलं, माकडं पकडणारी माणसं बोलवायची. सर सभेत उभे राहिले आणि माकडांच्या बीजावर बोलायला लागले. लोक हसले. एक पोरगी मागून म्हणाली, "सर, माकडांची पोरं जाऊ द्या, आमच्या पोरांचं बघा." तिचंही काही चुकीचं नव्हतं. तिची अर्धी भेंडी गेली होती.

केळी आणि शेंगदाणे टाकून दोन दिवसांत सगळा कळप पिंजऱ्यात. सर प्रत्येक पिंजऱ्यापाशी जाऊन वहीतून नंबर वाचत होते, जसे काही पटावर हजेरी घेतायत. कानफाटीनं जाळीतून हात बाहेर काढला होता. माझ्याकडे नव्हे, शेंगदाण्याकडे. टेम्पो गेला. कुठं सोडली ते कोणी सांगितलं नाही. कोणी म्हणे माळशेजच्या वर, कोणी म्हणे त्याहून लांब.

सर दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा मागितला आणि म्हणाले, "बाटल्या आहेत, मावशी. सगळं त्यात आहे." मग एका प्रयोगशाळेशी बोलणं ठरलं आणि ते परवानगीसाठी आठ दिवस शहरात गेले. जाताना म्हणाले, "खोलीकडे लक्ष ठेवा. मुंग्या होतात."

झाल्याच मुंग्या. चौथ्या दिवशी भिंतीवरून फळीपर्यंत तांबडी रांग. आमच्याकडे मुंग्यांना एकच औषध, रॉकेल. फडक्याला लावायचं आणि फळी, डबे, सगळं पुसून घ्यायचं. रेशनचं रॉकेल बंद होऊन किती वर्षं झाली, पण एक बाटली मी जपून ठेवली होती. ती काढली.

आणि मला दुर्बुद्धी सुचली ती इथं. बाटल्या धुळीनं, मातीच्या बोटांनी, पालीच्या घाणीनं मळलेल्या. म्हटलं, एवढ्या मोठ्या ठिकाणी जायच्या, लोक म्हणतील कसल्या घरातून आल्या. दोन दुपारी बसून एकेक पुसली. नंबर तेवढे सोडले हो! मला वाचता येतं. फडक्याचं टोक करून नंबराच्या कडेकडेनं पुसलं. रांगा मोडल्या, पण म्हटलं नंबर आहेत ना, सर परत लावतील. सगळ्या पाटीत दाटीनं भरल्या, वर तेच फडकं झाकलं, मुंग्या लागू नयेत म्हणून. फळ्याही पुसून तशाच वाळत ठेवल्या.

सकाळी फडकं काढलं. रॉकेल सगळीकडे सरकलं होतं. बाटलीला बाटली घासून शाई उतरली होती. नुसते निळे ओघळ. मी एकेक बाटली उजेडात धरून बघितली. कुठं एक दिसायचा, कुठं सात असावा असं वाटायचं. एवढ्या शेकड्यांनी बाटल्या, आणि धड वाचता येईल असा नंबर चार-पाचांवर. पुसायचं थांबवलं असतं, नुसत्या फळ्या पुसल्या असत्या, फडकं झाकलं नसतं, तर वाचलं असतं सगळं. मनात एकदा असंही आलं की पेन घ्यावं आणि आपणच लिहून टाकावेत. कोणाला कळणार? पेन हातात घेतलंही होतं, मग ठेवून दिलं.

सर आले ते फाटकातच थांबले. वास लागला त्यांना. आत गेले, पाटीतली एक बाटली उचलली, बोटानं फिरवली. परत ठेवली. दुसरी उचलली. मी दारात उभी. वाटत होतं, त्यांनी शिव्या द्याव्यात, निदान पाटी तरी फेकावी.

"मावशी, तुम्ही पुसल्यात?"

"मुंग्या झालेल्या."

"हो. मीच सांगितलं होतं." मग म्हणाले, "तुमचे हात जळजळत असतील. साबणानं धुवा."

त्यानंतर पंधरा दिवस ते खोलीत बसून होते. रंगावरून, वजनावरून लावायचा प्रयत्न करायचे. वही उघडून बसायचे. वहीत सगळं होतं, कोणत्या नंबराचं जनावर कोणतं, कधी, कुठल्या झाडाखाली. फक्त बाटलीला नंबर नव्हता. रस्त्यानं चालताना त्यांचा हात खिशात जायचा आणि रिकामा बाहेर यायचा. परसातल्या उंबरावर आता कोणी येत नव्हतं. एक दिवस पाटी सुतळीनं बांधली आणि गेले. निघताना माझ्या पाया पडायला वाकले तेव्हा मी पाय मागं घेतले.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. दुपारची वेळ होती. आवाज खोल गेलेला.

"मावशी, तशाच बाटल्या तपासायला दिल्या होत्या. निकाल आलाय."

"काय म्हणतात?"

"कोणत्या बाटल्या एकाच जनावराच्या, ते कळलं. नर वेगळे काढता आले, पिल्लं जुळवता आली. एका नरात दोष आहे. बीजाला शेपूट नीट धरतच नसणार. एकही पिल्लू त्याचं नाही."

मी रेडिओ बंद केला. भिंतीला टेकून खाली बसले. "सरपंच ना?"

"ते सांगता येत नाही."

"अहो, सहाच तर नर होते."

"सहा होते. नंबर वाचता आले त्या चार-पाच बाटल्या पिल्लांच्या निघाल्या. सहातला कोणीतरी एक."

"आणि कानफाटी? तिच्यात तर दोष नव्हता ना, सर?"

पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "माद्यांच्या बाटल्यांतही तिची कोणती ते आता ओळखता येत नाही, मावशी. सगळ्याच पिल्लांच्या बाटल्या मिळाल्या नव्हत्या, पिल्लू न जुळलेल्या माद्या तिघी निघतात. मी काय सांगू?"

फोन ठेवून मी ओटीवर आले. जाऊ आमच्याच पायरीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं सगळं ऐकलं असणार, आमच्या घरात भिंती कुठं जाड आहेत.

"माकडसराचा फोन ना? लागला का गो शोध?"

"लागला."

तिचे हात थांबले. जन्मभर तिनं मला बोलून घेतलंय, पण त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मग? कोनान व्हता दोष?"

मी तिच्या शेजारी बसले, तिच्या पुढ्यातल्या मूठभर शेंगा उचलल्या आणि सोलायला लागले.